मासे चालतात, मग उपवास कसला?

रत्नागिरीहून एका गृहस्थांनी विचारले आहे : “आमच्या शेजारी वसईकडचे एक ख्रिस्ती कुटुंब राहायला आले आहे. फेब्रुवारीत एका बुधवारी ते सगळे कपाळावर राख लावून घरी आले. त्यानंतर चाळीस दिवस त्यांच्याकडे मटण-कोंबडी शिजली नाही, मुलीचे लग्नही ईस्टरनंतर ठेवले. शुक्रवारी मात्र त्यांच्या घरातून मासे तळल्याचा वास येतो. आमच्याकडे उपासाला मासे ही कल्पनाही करवत नाही. मग हा उपवास कसला? तो चाळीसच दिवस का? आणि गुड फ्रायडेला त्यांना शुभेच्छा द्याव्यात की देऊ नयेत?”

प्रश्न मनापासून विचारलेला आहे, आणि हाच प्रश्न आमच्या घरातली मुलेही विचारतात. वसईच्या किनारपट्टीवरील एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, मी तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना धर्मशिक्षण देते आहे, आणि प्रौढ वयात बाप्तिस्मा घेऊ पाहणाऱ्यांची तयारीही करून घेते. माशांविषयीचे उत्तर तसे दोन ओळींत संपते. परंतु हा काळ मुळात कशासाठी पाळायचा हे कळल्याशिवाय त्या दोन ओळींचा काही उपयोग होणार नाही, म्हणून तिथून सुरुवात करते.

वसईचे आम्ही कॅथलिक या काळाला प्रायश्चित्तकाळ म्हणतो, कोणी उपवासकाळ म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये लेंट हाच शब्द रूढ आहे. आणि सिंधुदुर्गातल्या ज्या ख्रिस्ती घरांत कोकणी बोलली जाते तिथे वडीलधाऱ्यांच्या तोंडी कोरेज्म हा शब्द येतो. कोरेज्म हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द असून त्याचे मूळ लॅटिनमधील ‘चाळिसावा’ या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे एका नावात मनाची स्थिती आहे, एकात आचार आहे आणि एकात केवळ दिवसांची मोजणी. बाहेरून पाहणाऱ्याला आचार तेवढा दिसतो आणि त्यामुळे हा काळ म्हणजे येशूच्या मरणाचे लांबलेले सुतक असावे असा अनेकांचा समज होतो. तो बरोबर नाही. या काळाचे तोंड पुनरुत्थानाकडे, म्हणजे ईस्टरकडे आहे. आम्ही त्याला पास्काचा सण म्हणतो, आणि ज्याला पास्काच्या दाराशी पोहोचायचे आहे त्याने त्याआधी स्वतःचे घर झाडून घ्यावे, एवढ्यासाठी हे दिवस आहेत.

सुरुवातीच्या शतकांत ज्यांना ख्रिस्ती व्हायचे असे त्यांना पास्काच्या रात्री बाप्तिस्मा दिला जाई आणि त्याआधीचे काही आठवडे ते उपवास, प्रार्थना आणि शिक्षण यांत घालवत. त्यांच्यासोबत मग त्यांचे सोबतीही उपवास करू लागले, आणि हळूहळू साऱ्या मंडळीनेच ती तयारी आपली मानली. ज्यांच्या हातून मोठे पाप घडून ते मंडळीपासून दुरावले होते, त्यांना परत घेण्याचा काळही हाच होता. इ. स. ३२५ साली निकेया येथे भरलेल्या धर्मसभेच्या पाचव्या नियमात या चाळीस दिवसांचा उल्लेख येतो, आणि तो ज्या ओघात येतो तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांना मंडळीबाहेर काढले आहे त्यांच्यावर कोणाच्या रागालोभापायी अन्याय झाला आहे का, हे तपासण्यासाठी धर्मगुरुप्रमुखांनी, म्हणजे बिशपांनी, वर्षातून दोनदा एकत्र बसावे आणि त्यातली एक बैठक या चाळीस दिवसांच्या आधी व्हावी, म्हणजे मनातली क्षुद्र भांडणे निकालात निघून देवाला निर्मळ अर्पण करता येईल, असे तो नियम सांगतो. म्हणजे हा काळ जिथे पहिल्यांदा सर्व मंडळीच्या नियमांत दिसतो, तिथे जेवणाचा विषयच नाही. तिथे भांडण मिटवण्याचा विषय आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

चाळीस या आकड्याचे कारण बायबलमध्ये आहे. मोशे सिनाय पर्वतावर चाळीस दिवस राहिला, एलिया चाळीस दिवस चालून होरेब डोंगरापर्यंत गेला, इस्राएल लोक चाळीस वर्षे अरण्यात फिरले, आणि येशूने आपल्या कार्याला सुरुवात करण्यापूर्वी चाळीस दिवस अरण्यात उपवास केला, तिथेच त्याची परीक्षा झाली. आपण दिनदर्शिका घेऊन मोजलेत तर राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारपर्यंत शेहेचाळीस दिवस भरतील. मधले सहा रविवार वजा करायचे असतात, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाची आठवण असल्यामुळे त्या दिवशी उपवास नाही. पूर्वेकडील परंपरांची मोजणी निराळी आहे; केरळातले सीरियन परंपरेचे ख्रिस्ती पन्नास दिवसांचा नोंबू पाळतात आणि त्यात मांसाबरोबर मासेही वर्ज्य असतात. रेल्वेच्या किंवा इस्पितळाच्या नोकरीमुळे रत्नागिरीकडे आलेली अशी कुटुंबे आपल्या पाहण्यात असतील तर दोन ख्रिस्ती घरांत दोन रीती कशा, असा आणखी एक प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर हे आहे.

तारीख दरवर्षी का हलते, हे कोकणातल्या माणसाला समजावणे सोपे आहे, कारण आपला सगळा किनारा तिथीवर आणि भरती-ओहोटीवर चालतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार हा ईस्टर. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो, आणि मागे मोजत गेले की राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्यामध्ये पडतो. याचाच परिणाम असा की फाल्गुनातला शिमगा बहुधा आमच्या प्रायश्चित्तकाळातच येतो. २०२४ साली होळी आणि झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, एकाच दिवशी, २४ मार्चला, आले होते. २०२६ साली राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला होता आणि त्याच सुमारास रमजानही सुरू झाला. एकाच गावात एका आळीत पालखी नाचवायची तयारी, दुसऱ्या मोहल्ल्यात रोजे आणि तिसऱ्या वाडीत क्रुसाची वाट ही आमची शुक्रवारची प्रार्थना, असे त्या वर्षी आपल्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी घडले असेल.

आता राखेविषयी. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद देऊन वाटलेल्या झावळ्या लोक घरी नेतात आणि तसबिरीच्या किंवा क्रुसाच्या मागे खोचून ठेवतात. वर्षभरात त्या वाळून तांबूस होतात, त्यांवर धूळ बसते. राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी त्या चर्चमध्ये परत आणायच्या असतात, आणि आमच्याकडे पुढचे काम माझ्या वर्गातली मुले करतात. चर्चच्या मागच्या अंगणात, वाऱ्याच्या आडोशाला, लोखंडी घमेल्यात आम्ही त्या जाळतो. माडाची पात भुरकन पेटते आणि लगेच विझते, पण हीर लवकर जळत नाही. अर्धवट जळलेले हीर चिमट्याने वेचून पुन्हा विस्तवावर धरावे लागतात. राख निवली की ती खलात घोटायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळायची, कारण तिच्यात खर राहिली तर कपाळाला ओरखडे उठतात. मोठ्या भाऱ्यातून शेवटी जेमतेम वाटीभर राख हाती लागते, आणि ती पाहून दरवर्षी कोणीतरी मूल ‘एवढीच?’ असे म्हणतेच. मी त्यांना सांगते की ज्या झावळ्या उंच धरून आपण गेल्या वर्षी प्रभूचा जयजयकार केला, त्या जयजयकाराचे वर्षभरात काय झाले ते या वाटीत आहे.

बुधवारी धर्मगुरू ती राख कपाळावर क्रुसाच्या आकारात लावतात आणि म्हणतात की, हे मानवा, तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील, याची आठवण ठेव. किंवा, पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा. पहिले वाक्य मरणाची जाणीव देते आणि दुसरे जगण्याची दिशा देते. माझ्या मते दोन्ही एकत्र ऐकली तरच राखेचा अर्थ लागतो. राख हा संस्कार नव्हे, म्हणून लहान मुलांपासून अंथरुणाला खिळलेल्यांपर्यंत सर्वांना ती लावली जाते, आणि बाप्तिस्मा न झालेल्या पाहुण्यालाही कोणी नाही म्हणत नाही. विशेष असे की त्याच मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, वाचला जाणारा मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय याच्या अगदी उलट सांगताना दिसतो. उपवास करताना तोंड उतरवून फिरू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, दान करताना डाव्या हाताला कळू देऊ नका, प्रार्थना दार लावून करा, असे येशू तिथे सांगतो. मग आम्ही कपाळावर राख मिरवत बाजारातून घरी येतो ते कसे? हा पेच खरा आहे आणि मी तो मुलांपासून लपवत नाही. राख म्हणजे मी पापी आहे आणि मातीचा आहे याची उघड कबुली आहे, ती पुण्याची जाहिरात नव्हे. आणि ज्या दिवशी कोणाला ती मिरवावीशी वाटेल त्या दिवशी त्याने ती चर्चच्या नळावर धुऊन मगच घरी जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मासे. कॅथलिक चर्चच्या नियमात दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, मराठीत आपण त्या दोन्हींना सरसकट उपवास म्हणतो आणि तिथे घोटाळा होतो. एक आहे उपवास, म्हणजे दिवसातून एकदाच पोटभर जेवणे आणि बाकी दोन वेळा थोडेसे खाणे. तो सध्याच्या नियमानुसार वर्षातून दोनच दिवस, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, बंधनकारक आहे. दुसरे आहे मांस वर्ज्य करणे, जे या दोन दिवशी आणि शुक्रवारी पाळायचे असते. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली ही व्यवस्था घालून दिली आणि १९८३ च्या धर्मसंहितेत ती कायम झाली. चौदा वर्षे पूर्ण झालेल्याला मांसाचा नियम लागू होतो; उपवासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. आजारी माणसे, गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या आया यांना सूट आहे, आणि त्या त्या देशातील धर्मगुरुप्रमुखांना मांसाऐवजी दुसरा त्याग किंवा सत्कृत्य ठरवून देण्याचा अधिकार आहे. या नियमात मांस म्हणजे जमिनीवरच्या पशुपक्ष्यांचे मांस. मासे, अंडी, दूध, तूप त्यात मोडत नाहीत. मध्ययुगात युरोपात अंडी आणि दूधही वर्ज्य असे, ईस्टरच्या अंड्यांचे अप्रूप त्यातूनच आले. जिथे हा नियम घडला तिथे मांस हे सणासुदीचे अन्न होते, म्हणून ते सोडणे हा त्याग ठरला.

हाच नियम कोकणात आणून ठेवला की काय होते ते आपण नेमके हेरले आहे. आपल्याकडे जिवाला चटका लागतो तो माशासाठी. मटण नाही म्हणून शुक्रवारी पापलेट किंवा सुरमई तळली, तर नियमाचे अक्षर पाळले गेले, पण आपल्या म्हणीप्रमाणे ती ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ झाली. मात्र नायगावच्या किंवा पाचूबंदरच्या कोळी ख्रिस्ती घरात विकून उरलेल्या बोंबलांचे पातळ कालवण आणि भात हेच सर्वांत साधे जेवण असते. भाजी तिथे बाजारातून विकत आणावी लागते. त्या घरातल्या बाईने शुक्रवारी सुकट-भात खाल्ला तर तिने काही चैन केली असे मी म्हणणार नाही. म्हणून नियमाने घातलेली रेघ ही कमीत कमी किती करायचे याची रेघ आहे, आणि तिच्यापुढे प्रत्येकाने आपला ‘मासा’ कोणता ते स्वतः शोधायचे आहे. आमच्या भागात पुष्कळ घरे चाळीस दिवस मांस आणि मासे दोन्ही सोडतात, वालाची उसळ, शेवग्याच्या शेंगा, कुयरीची भाजी यांवर भागवतात. काही घरे फक्त शुक्रवारी सोडतात. कोणी दारू सोडतो, कोणी तंबाखू. आपल्या शेजाऱ्यांच्या घरातून येणारा वास सुरमईचा आहे की सुकटाचा, यावरून त्यांच्या उपवासाचे मोल ठरवता येणार नाही. आणि त्यांनी त्याशिवाय काय सोडले आहे हे त्यांनी कोणाला सांगितलेही नसेल, कारण सांगू नये असेच त्या बुधवारी वाचलेले असते.

मुलांना मी एवढेच शिकवते : सोडाल ते असे सोडा की त्याची जागा रिकामी झालेली जाणवली पाहिजे, आणि ती रिकामी जागा दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी आली पाहिजे. मोबाइल रात्री बंद ठेवला आणि त्या वेळात लवकर झोपलात, तर तब्येत सुधारेल, त्यात वाईट काही नाही. पण तोच अर्धा तास आजीच्या खाटेशी बसलात तर तो प्रायश्चित्तकाळ झाला. प्रार्थना, उपवास आणि दान हे तिन्ही एकाच दोरीचे पेड आहेत. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. तिथे लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपवास करतो आणि तू पाहत नाहीस, आणि देव उत्तर देतो की तुमच्या उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता आणि एकमेकांशी भांडता. मला हवा असलेला उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, बेघराला घरात घेणे. ज्यांच्या वाडीत मजूर कामाला येतात अशा आमच्या बागायतदार घरांना हे वाचन ऐकताना अवघडल्यासारखे व्हायला हवे. या काळात राहिलेली मजुरी चुकती केल्याशिवाय क्रुसाच्या वाटेला येऊ नका, असे मी वर्गात मोठ्यांना सांगते तेव्हा काहींना ते आवडत नाही, तरी मी सांगतेच.

माझ्या आईची एक रीत होती. चाळीस दिवस ती संध्याकाळी तांदूळ मापून घेई आणि वैरण्याआधी त्यातली एक मूठ काढून एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात टाकी. ही मूठ घरच्यांचे माप झाल्यावर वरची नसे. मापलेल्यातूनच ती निघे, त्यामुळे पातेल्यातला भात त्या दिवसांत खरोखरच कमी पडत असे. आम्ही पाच भावंडे, शेवटच्या घासाला ताट कोरडे व्हायचे आणि ते का झाले हे आम्हाला माहीत असायचे. पोटाला चिमटा घेणे या शब्दांचा अर्थ मी तिथे शिकले. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी डबा चर्चमध्ये जाई. आता तांदळाऐवजी पाकिटे आली आहेत, १९६२ मध्ये स्थापन झालेली कॅरिटास इंडिया ही संस्था या काळात भूक आणि रोगराईविरुद्धच्या कामासाठी धर्मग्रामांतून निधी गोळा करते, आणि तो पैसा डब्यातल्या तांदळापेक्षा पुष्कळ दूर पोहोचतो. तरी माझी सूचना अशी असते की पाकिटात घालायची रक्कम महिन्याच्या पगारातून एकदम काढू नये, जे खाल्ले नाही त्याच्या पैशांतून रोज थोडी थोडी टाकावी, म्हणजे ताट आणि पाकीट यांचा संबंध तुटत नाही.

निकेयाच्या नियमाकडे परत येते. माझे वडील उपवासाला अत्यंत कडक होते. चाळीस दिवस मांस-मासे तर नाहीच, शुक्रवारी ते दुपारपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नसत. आणि सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचा सख्ख्या थोरल्या भावाशी अकरा वर्षे अबोला होता. क्रुसाची वाट ज्या गल्लीतून जाई तिथेच काकांचे घर होते. वडील तिथून गाणे म्हणत जात, मान न वळवता. एका वर्षी, मी तेव्हा दहावीत असेन, आईने जेवण वाढताना शांतपणे म्हटले, “अहो, पानातला मासा सोडलात, मनातला नाही सोडलात.” वडील काही बोलले नाहीत, अर्धवट जेवून उठले. झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी त्यांनी वाडीतला पिकत आलेला केळीचा एक घड उतरवला, खांद्यावर टाकला आणि काकांच्या दारात गेले. काकांनी बाहेर येण्याचे नाकारले. काकीने घड आत घेतला आणि ‘झोपलेत’ असे सांगितले, दुपारचे चार वाजले होते. वडील परत आले ते फार दुखावून, आणि पुन्हा जाणार नाही म्हणाले. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले. त्या वेळी दोघे ओटीवर बसले आणि अर्धा तास पंपाच्या फूट व्हॉल्व्हविषयी बोलले, दुसरे काहीच बोलले नाहीत. विहिरीचा वाद कागदावर शेवटपर्यंत मिटला नाही. पाणी मात्र त्यानंतर एक दिवसाआड दोन्ही वाड्यांना जाऊ लागले. मला कोणी प्रायश्चित्त शब्दाचा अर्थ विचारला की मला ही दुसरी फेरी आठवते. पापनिवेदनाचा संस्कार, ज्याला आमच्याकडचे जुने लोक कुमसार म्हणतात, तो याच काळात आवर्जून घेतला जातो; परंतु देवाच्या क्षमेसाठी धर्मगुरूंपुढे गुडघे टेकणाऱ्याने भावाचे दार टाळू नये, हे शुभवर्तमानच सांगते : वेदीपाशी अर्पण नेले असता भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर.

चर्चमध्ये या काळात जे बदल दिसतात तेही याच भूमिकेतून आहेत. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, महिमागान आणि आलेलुया हा आनंदाचा घोष गायला जात नाही, वेदीवर फुले ठेवत नाहीत. आमचा भाग फुलांच्या वाड्यांचा, मोगऱ्याच्या टोपल्या पहाटे दादरच्या बाजाराला जाणारा. अशा गावात वेदी चाळीस दिवस फुलांवाचून राहते तेव्हा ते ओकेपण डोळ्यांना खुपते, आणि ते खुपावे हाच हेतू आहे. मधल्या चौथ्या रविवारी तेवढी गुलाबी वस्त्रे आणि थोडी फुले चालतात. दर शुक्रवारी क्रुसाची वाट असते, म्हणजे येशूला मरणदंड ठोठावल्यापासून त्याला कबरेत ठेवीपर्यंतच्या चौदा प्रसंगांचे मनन. वसईच्या गावांत आळीआळीला क्रूस उभे आहेत, त्यामुळे आम्ही ही वाट चालत करतो, एकेका क्रुसापाशी थांबून. ज्या वसईच्या गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मरण आले आणि १८६२ साली ज्यांना संत म्हणून घोषित करण्यात आले, त्यांच्या गावात ही वाट चालताना क्रूस हा दूरच्या देशातला आणि दूरच्या काळातला राहत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये राखेची प्रथा बहुतेक ठिकाणी नसते, पण लेंटच्या उपासना घरोघरी होतात आणि गुड फ्रायडेला दुपारी येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात.

लग्नाबद्दल थोडक्यात : विवाह लावण्यास पूर्ण मनाई नाही, परंतु वाजंत्री, मांडव आणि मेजवानी या काळाशी विसंगत असल्यामुळे आमच्याकडे लग्ने राखेच्या बुधवारआधी उरकतात किंवा ईस्टरनंतर धरतात. आपल्या शेजाऱ्यांनी लग्न पुढे ठेवले त्यात मुहूर्ताचा प्रश्न नव्हता.

शेवटचा आठवडा हा पवित्र आठवडा. गुरुवारी संध्याकाळी येशूच्या अखेरच्या भोजनाची आठवण होते आणि धर्मगुरू मंडळीतल्या काही जणांचे पाय धुतात. २०१६ पासून त्यात स्त्रियांनाही घेण्याची रीतसर परवानगी आहे, आणि आमच्या चर्चमध्ये पहिल्या वर्षी ज्या स्त्रियांना बोलावले त्यांतल्या एक मासे विकणाऱ्या आजी आपले पाय दाखवायला संकोचून दोनदा परत फिरल्या होत्या. त्या रात्रीपासून घंटा वाजत नाहीत, लाकडी टाळी वाजवतात. गुड फ्रायडेला, ज्याला आम्ही उत्तम शुक्रवार किंवा शुभ शुक्रवार म्हणतो, वर्षातला हा एकच शुक्रवार असा की मिस्सा होत नाही. दुपारी योहानच्या शुभवर्तमानातून दुःखसहनाची कथा वाचतात आणि लोक एकेक करून क्रुसाचे चुंबन घेतात.

त्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत. नावात ‘गुड’ असले तरी तो मरणाचा दिवस आहे, आणि ज्या घरात मरण झाले आहे तिथे आपण जसे जातो, तसे जावे : बोलायची गरज नाही, नुसते बसले तरी चालते. दुपारच्या प्रार्थनेला आपण आलात तर मागच्या बाकावर बसा, कोणी काही विचारणार नाही. शुभेच्छा द्यायच्या त्या ईस्टरला. आणि खरे तर आपण शनिवारी रात्रीच पास्का जागरणाला शेजाऱ्यांबरोबर यावे असे मी सुचवीन. चर्चचे सगळे दिवे मालवलेले असतात, बाहेर अंगणात विस्तव पेटवून त्यावरून पास्काची मोठी मेणबत्ती लावतात, आणि त्या एका ज्योतीवरून हातोहात सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटत जातात. चाळीस दिवस न ऐकलेला आलेलुया त्या रात्री पुन्हा गायला जातो आणि वर्षभर तयारी केलेल्यांचा बाप्तिस्मा होतो. वेळेच्या थोडे आधी पोहोचा, कारण एकदा दिवे गेले की अंधारात जागा शोधणे कठीण जाते. मेणबत्ती दारातच मिळते, तिला मेण गळू नये म्हणून कागदाची चकती लावलेली असते. ईस्टरच्या दुपारी शेजाऱ्यांकडे जेवायला मात्र पोट रिकामे ठेवून जा, त्या दिवशी त्यांच्याकडे मटणही असेल आणि मासेही.